मोहाच्या तीन झाडांचे आवाज

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या आसनगावला रिक्षात माझ्या शेजारी बसलात तरी ओळखणार नाही. बरं आहे ते.

मी मुरबाडची. शहापुरात एका लॅबमध्ये रक्त काढते आणि तपासते, दोन्ही. शीर सापडायला मला वेळ लागत नाही. हे आधीच सांगून टाकते — पुढे जे आहे ते चुकून झालं असं वाटू नये म्हणून. माझा हात चुकत नाही.

मला एक छंद आहे. जुन्या व्हिडिओ गेममध्ये वाजायचं ना, तसलं संगीत मी करते. कॅसेट घालून टीव्हीला जोडायचा तो डबा आमच्या घरी आला तेव्हा मी आठवीत होते. रिमोट दोन, भाऊ दोन. माझ्या वाट्याला काय? आवाज. त्यांच्या पाठीमागे बसून मी तांदूळ निवडायचे आणि ऐकायचे. त्या डब्याला एका वेळी चारच आवाज काढता येतात — दोन बारीक, एक जाड, आणि एक नुसतं फस्स. चारांत सगळं गाणं बसवायचं. चाळिशीत लॅपटॉप घेतला आणि ते शिकले. अवघड नव्हतं. पडद्यावर रकाने असतात, रकान्यांत अक्षरं आणि आकडे भरायचे, ओळी वरून खाली सरकतात आणि गाणं वाजतं. लॅबचं रजिस्टर भरणाऱ्या बाईला त्यात काय जड?

मंदा भेटली लॅबमध्येच. आईची साखर तपासायला आली होती. माझा फोन वाजला, त्यावर माझीच धून होती. तिनं विचारलं, कुठल्या गेममधली? म्हटलं, कुठल्याच नाही, माझी आहे. मंदा शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीत स्वतः छोटे छोटे गेम करते. चित्रं, कोड, सगळं एकटीनं. फक्त आवाजाला कुणी नव्हतं. मग मी झाले.

आमचा गेम साधा. मोहाची तीन झाडं. पहाटे फुलं गळतात, खाली टोपली घेतलेली बाई, तिला डावी-उजवीकडं पळवायचं आणि फूल जमिनीला लागायच्या आत झेलायचं. उशीर केला तर रानडुकरं येऊन खातात. मंदाच्या आईनं आयुष्यभर तेच केलेलं — खर्डीच्या पलीकडे त्यांची वाडी, चैत्र लागला की मावशी रानात. मी तिला मावशीच म्हणते.

फुलं माझ्या गाण्यावर पडायची. कुठल्या झाडाचं फूल पडायचं त्याचा आकडा एका रकान्यात, त्याचा आवाज शेजारच्या रकान्यात. डाव्या झाडाला जाड आवाज, मधल्याला मधला, उजव्याला बारीक. आधी आवाज, मग एका ठोक्यानं फूल. दोन्ही रकाने मीच भरायचे. अकरा महिने भरत होते. आवाज आणि गाणं वेगवेगळं वाटू नये, झाडच गातंय असं वाटावं — एवढ्यासाठी अकरा महिने.

मावशीला दिसत नव्हतं. साखरेनं डोळ्यांचा पडदा गेलेला, ऑपरेशननं येण्यातला नव्हता. अंधुक उजेड कळायचा, एवढंच. एका रविवारी आम्ही मंदाच्या घरी गेम तपासत होतो आणि मावशी कोपऱ्यात बसून प्रत्येक आवाजाला मान हलवत होती. जाड वाजला की डावीकडं, बारीक वाजला की उजवीकडं. मंदानं तिच्या हातात बटणं दिली. पाचव्या खेपेला तिनं एकही फूल खाली पडू दिलं नाही.

“रानात तरी दिसतंय काय मला?” ती म्हणाली. “फूल सुटला का टप वाजतो. कानानी वेचायचा गो.”

आता नीट ऐका, कारण सगळं याच्यावर आहे. मंदाचा भाऊ दामू आईला रानात जाऊ देत नव्हता. आंधळी बाई, पडेल, डुक्कर येईल. मावशी जेवण टाकून बसली होती. मंदा भावाला म्हणाली, तिचे कान तुझ्या डोळ्यांपेक्षा तेज आहेत. कल्याणला आमच्या गेमचा कार्यक्रम आहे, तिथं ये आणि बघ. चारचौघांत दाखवते. दामू म्हणाला, दाखव. वेचले तिनं, तर जाऊ दे रानात. म्हणजे कल्याणला मावशी खेळायला बसणार होती ती टाळ्यांसाठी नाही. रान परत मिळवायला बसणार होती.

हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा, माहीत होतं.

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी एका पोरानं मंदाची मुलाखत घेतली, मोबाइलवरच्या तालुक्याच्या बातम्यांसाठी. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी ती चहाच्या वेळी लावली. मंदा झाडांबद्दल बोलली, कोडबद्दल बोलली, आईबद्दल बोलली. त्यानं विचारलं, आणि संगीत? मंदा हसली. म्हणाली, “संगीत काय, ते सॉफ्टवेअरमध्ये आपोआपच बनतं.”

आपोआप.

“म्हंजे मॅडम, तुमी नुसता बटण दाबता?” आमचा रिसेप्शनवरचा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. चहा संपवला, हातमोजे घातले आणि पुढच्या पेशंटची बाही वर केली.

मंदाला विचारायचं होतं ना मी? भांडायचं होतं? कोण म्हणेल, नाही म्हणून. पण भांडलं की समोरची ‘अगं चुकून गेलं तोंडातून’ म्हणते, आणि मग आपल्यालाच समजून घ्यावं लागतं. मला समजून घ्यायचं नव्हतं. दोन रिमोट, दोन भाऊ — एवढी वर्षं समजूनच घेतलं होतं. मला तिला पडलेलं बघायचं होतं. लोकांसमोर, तिच्याच गेममध्ये, माझ्या आवाजामुळे. आपोआप बनतं ना संगीत? मग बघ आपोआप काय होतं ते.

मी आकड्यांना हात लावला नाही. फक्त आवाज बदलले. जाडच्या जागी बारीक, बारीकच्या जागी जाड. आणि तेही सगळीकडे नाही — मध्येच तसेच ठेवले, मध्येच फिरवले. का? सगळीकडे उलटं केलं असतं तर मावशीनं दहा फुलांत ओळखलं असतं आणि उलटं खेळली असती. तिला नवा नियमही सापडू नये, एवढी काळजी मी घेतली, आणि फाइल मंदाला पाठवून दिली.

बघा, निघालंच तोंडून. मी इतका वेळ मंदा, मंदा करते आहे. पण डोळ्यांनी खेळणाऱ्याला त्या बदलानं काहीच झालं नसतं. फूल दिसतं, बाई पळवायची, संपलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंदानं गेम चालवून पाहिला, तिला काही कळलंसुद्धा नाही — आवाज तिनं अगदी कमी ठेवला होता. तो बदल जगात एकाच माणसाला लागणार होता. ते मी माणूस पाहून केलं. मंदाला दुखवायचं तर तिची आई हीच जागा होती, आणि शीर सापडायला मला वेळ लागत नाही.

कल्याणच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील. बरीच पोरं, आपापले लॅपटॉप घेऊन आलेली. दामू पहिल्या रांगेत, हाताची घडी. मावशी नवं लुगडं नेसली होती. मंदानं ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, गाणं सुरू झालं.

पहिलं फूल तिनं झेललं. दुसऱ्याला बारीक वाजला. ती उजवीकडं गेली, फूल डावीकडं पडलं. मग पुन्हा. मग पुन्हा. पोरं आधी “आजी, लेफ्ट! लेफ्ट!” ओरडली, मग गप्प झाली. पडद्यावर डुकरं आली. मावशी थांबली नाही, ती शेवटच्या फुलापर्यंत आवाजाच्या मागे पळत राहिली — मी सांगेन तिकडं.

मी मंदाकडे बघत होते. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं.

दामू उठला. आरडाओरडा केला नाही. म्हणाला, “बघितलंस ना ताई? कान पण गेले तिचे. आता विषय काढू नको.”

“कान नाय गेले माझे,” मावशी म्हणाली. “वाजला एकीकडं, पडला दुसरीकडं. गाण्यात खोट हाय.”

तिला बरोबर कळलं होतं. पन्नास माणसांत तिला एकटीला.

मंदा माझ्याकडे वळली. “तू काही बदललंस का गं?”

“नाय,” मी म्हणाले.

मावशीकडे पाहून हळूच आणखी एक वाक्य जोडलं. तेही सांगते. “वयात होतं असं,” म्हणाले. लॅबवाली बाई म्हणाली म्हटल्यावर खरंच असणार, नाही का? दामूनं मान डोलावली.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी रकाने पूर्ववत केले आणि फाइल मंदाला पाठवून म्हटलं, जुनीच्या जागी ही परत एकदा घालून बघ. तिनं घातली, ओळ न् ओळ तपासली. काही सापडलं नाही. कसं सापडेल? मावशीनं बटणांना परत हात लावला नाही. मग तिनं मानलं की आईचे कान गेले. त्यानंतर मंदानं गेम केला नाही. आईला लोकांपुढं बसवून हसं केलं असं ती म्हणते. तसं नाही, असं मी तिला कधी म्हटलं नाही.

याला सात वर्षं झाली. मावशी त्या चैत्रात रानात गेली नाही, नंतरच्याही नाही. ओटीवर बसते. मोहाच्या दिवसांत दामूची बायको टोपल्या भरून आणते आणि मावशी फुलांतला केर काढते, बोटांनी चाचपून.

मंदाला मी माफ केलेलं नाही. पुढे एकदा ती कुणाला तरी म्हणाली, संगीत हिचं होतं हं, फार मेहनतीचं. ऐकून मला काहीच वाटलं नाही. तो ‘आपोआप’ अजून माझ्या कानात आहे, आणि तो गेला असता तर मी हे आधीच सांगितलं असतं, असंही नाही.

महिन्यातून एकदा साखर तपासायला मी वाडीवर जाते. मंदानंच सांगितलंय, तुझ्या हातानं आईला दुखत नाही म्हणून. गाडी खाली रस्त्यावर लावते आणि वर चालत जाते. वाटेत शाळेतली पोरं असतात, बायका असतात, कोंबड्या असतात, कुणाचा तरी रेडिओ चालू असतो. मी अंगणात पाय टाकायच्या आत मावशी ओटीवरून म्हणते, “आलीस गो?”

माझ्या चपलांवरून ओळखते. दर वेळी. एकदाही चुकलेली नाही.

दामू तिथंच असतो. तोही हे ऐकतो. मी मावशीचं बोट हातात घेते, पुसते, सुई टोचते.