साहेबाच्या गाडीची कापाकापी

इंदापूर तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर आमची वांगी-टोमॅटोची शेती होती. माझे यजमान त्याआधी बारामतीला एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आपली लाल गाडी यांना देऊन गेला. दोन माणसांची, वरून उघडी, जमिनीला चिकटून पळणारी शर्यतीची गाडी. "हिला आहे तशीच ठेव," एवढंच तो म्हणाला आणि यांनी शब्द दिला.

पाच-सहा वर्षं ती बैलांच्या शेजारी छपरात उभी होती; हे अधूनमधून पुसून, चालू करून ठेवत. मी चौथीपर्यंत शिकलेली, गाडीतलं मला काही कळत नव्हतं. दिसायला देखणी होती, एवढं मात्र खरं. चाकांवरून मडगार्ड असे वळत गेलेले की हात फिरवावासा वाटे.

मग सासऱ्यांची लघवी अडायला लागली. बारामतीच्या दवाखान्यात नळी घातली. ती बदलायला दर पंधरा दिवसांनी जावं लागे, आणि ते काम करणारा डॉक्टर पुण्याहून फक्त सोमवारी येई. आमच्या गावात सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो महादेवाचा वार, बैलांचा विसावा. सासरे तर या नेमाचे फार कडक. सोमवारी औत धरलं म्हणून त्यांनी सख्ख्या भावाशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. त्यांच्याच दुखण्यासाठी बैल जुंपा, असं कोण म्हणणार?

दोन वेळा चौघांनी त्यांना बाजेवर घालून तीन मैल सडकेपर्यंत नेलं आणि तिथून एसटीने. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, "गाडी काढतो."

गाडी घरी आणली तेव्हा वाट नुकती तासून सपाट केलेली होती; आता बैलगाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधे उंचवटा. अर्ध्या मैलावर गाडीचं पोट त्या उंचवट्यावर बसलं आणि चाकं नुसतीच फिरायला लागली. ओढून काढायला बैल हवे होते, आणि वार सोमवार. शेवटी कासरे बांधून माणसांनी ओढली. तोवर सासरे उन्हात बसून होते, नळी तुंबलेली, पोट फुगलेलं. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर निघून गेला होता. कंपाउंडरने कशीबशी नळी मोकळी केली. त्यानंतर आठ दिवस ते तापाने फणफणत होते.

लोहाराला मी बोलावलं. तो गाडीखाली डोकं घालून बघून आला आणि म्हणाला, "वहिनी, मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगचं पाटं हायती माझ्याकडं. जीपची चाकं बी मिळतील. हातभर उचलून देतो. पण मडगार्ड कापावं लागतील, न्हायतर चाकं घासतील. आन् मागचा पत्रा काढून फळी टाकली, तर आबा आडवं जातील."

"हात लावायचा न्हाय," हे म्हणाले. "साहेबाला शब्द दिलाय म्या."

"साहेब येतोय व्हय बाज उचलायला?" मी म्हणाले.

"वाटेचा उंचवटा तासून घेऊ," हे म्हणाले.

लोहार हसला. "तासा की. उसाच्या गाड्या चार दिवसांत हाय तशी करत्यात."

"तू गप. तुला नाल मारण्यापलीकडं काय कळतं?"

"म्हणून तर म्हणतो मालक, घोडी बुटकी हाय."

आतून सासऱ्यांचा आवाज आला. "माझ्यापायी नासू नगा रं. माझं काय, आज हाय, उद्या न्हाय."

"मामंजी, मग सोमवारी बैल जुंपायचं का?" मी मोठ्याने विचारलं.

आतून नुसती बाज करकरली.

मी यांना म्हणाले, "अहो, पुढच्या खेपेला त्यांना कशावर नेणार, तेवढं सांगा. मग मी गप बसते."

यांनी मडगार्डवरून एकदा हात फिरवला. मग लोहाराच्या हातातली पत्रा कापायची करवत घेतली. "आण हिकडं. दुसऱ्याच्या हातनं कापायची न्हाय."

दुपारपर्यंत कापत होते. पहिला मडगार्ड खाली पडला, तो लोहाराने उचलून भिंतीला टेकवून ठेवला. मी पाणी नेऊन ठेवलं, ते त्यांनी घेतलं नाही. महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

गाडी उंटासारखी दिसायला लागली. चावडीवरची माणसं हसली. पण सोमवारी ती उंचवट्यावरून गेली आणि सासरे फळीवर आडवे पडून वेळेत पोचले. पुढे ते वर्षभर जगले. त्या वर्षात एकही खेप चुकली नाही.

ते गेल्यावर काही महिन्यांनी पुण्याचा एक गाड्यांचा शौकीन गृहस्थ या गाडीचं ऐकून बघायला आला. गाडीभोवती एक फेरी मारून तो संतापलाच. "अहो, असली गाडी कुणा गाढवाने कापली?"

मी चहा घेऊन दारात उभी होते. हे त्याला लोहाराचं किंवा माझं नाव सांगतील असं वाटलं. बापाच्या दुखण्याचं तरी सांगतील.

"म्या कापली," हे म्हणाले, आणि त्याला चहा घ्यायला सांगितलं.