दार उघडलं की वाजतं

"आधी आत ये, मग बोल," हे काकूंचं ठरलेलं वाक्य. तुम्ही विरजण मागायला गेलेले असा, नाहीतर कुणी गेल्याची बातमी सांगायला, उंबऱ्याबाहेर उभं राहून बोललेलं त्यांना चालायचं नाही. मनगट धरून आत ओढायच्या. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत बाकी सगळी दारं बंद आणि काकूंचं मात्र सकाळच्या दुधापासून दिवेलागणीपर्यंत सताड उघडं. समोरचं दार माझं. सकाळची शाळा आटपून दुपारी आले की मी आधी त्यांच्याकडे टेकायचे, मग माझं कुलूप काढायचे.

ही नव्वदीतली गोष्ट. शेजारच्या बिल्डिंगमध्ये भरदुपारी चोरी झाली. कुठल्या घरात? कुलूप लावलेल्या. नीट लक्षात घ्या, कुलूप लावलेल्या! ज्या घरात माणूस होतं तिकडे चोर फिरकलाही नाही. पण आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची रीतच आहे. काकूंच्या मुलानं लगोलग वाशीहून एक माणूस आणला आणि दाराशेजारी पांढरी पेटी ठोकून घेतली. चौकटीत लोहचुंबक, वर भोंगा आणि किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा अंगठ्याएवढा रिमोट. बाहेर पडताना बटण दाबायचं, पेटी 'टिक' करायची, की झालं. त्यानंतर कुणी दार उघडलं रे उघडलं की भोंगा.

रिमोट दोन आले. एक मुलाचा, एक सुनेचा.

"आणि काकूंचा?" मी विचारलं.

"आईला कशाला, ताई? ती कुठं बाहेर जाते? उगाच टेन्शन तिला."

म्हणजे बघा हं. नवरा-बायको सकाळी बेलापूरला ऑफिसला निघाले की बटण दाबून जाणार आणि संध्याकाळी परत येईपर्यंत काकू आत. घरात माणूस आहे की नाही याच्याशी त्या पेटीला काही देणंघेणं नाही. दार उघडलं की ती वाजणार. ज्या बाईच्या नावावर घर, जिच्या नवऱ्यानं नोंदणी करून ते मिळवलं आणि वर्षभरसुद्धा उपभोगलं नाही बिचाऱ्यानं, तिलाच तिच्या दाराची बंदी! याला सेफ्टी म्हणायचं? आमच्या गावाकडे याला कोंडून घालणं म्हणतात.

पहिल्या दिवशी काकू विसरल्या. बुधवार होता आणि बुधवारी शेजारच्या गावातली मावशी म्हावरं घेऊन यायची. काकू रत्नागिरीच्या, मावशी आगरी. दोघींची गट्टी माशांवरून जमलेली आणि माशांपुरती न राहिलेली. मावशी पाटी उतरवून उंबऱ्यात बसायची, पाणी प्यायची, सुनांच्या तक्रारी करायची. तिची हाक आली आणि काकूंनी सवयीनं दार उघडलं. तो भोंगा असा काही किंचाळला की मी हातातला डबा टाकून धावले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही कानांवर हात. मुलाला ऑफिसातून रिक्षानं यावं लागलं. आल्या आल्या तो काय म्हणाला? "आई, किती वेळा सांगितलं, दाराला हात लावायचा नाही!" तापानं फणफणलेल्या पोराजवळ रात्र रात्र जागलेली आई ती. मान खाली घालून म्हणाली, "चुकलं रे बाबा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं?

त्यानंतर काकू दाराला बिचकायला लागल्या. मावशी बाहेरून हाका मारायची, "आये, दरवाजा का बंद हाय? बरी हाईस ना?" काकू आतून सांगायच्या, "उघडता येत नाही गं, वाजतं." मग मावशीनं युक्ती काढली. दाराला बाहेरचं माणूस दिसायचं भिंगाचं भोक होतं, त्याच्यासमोर ती पापलेट धरायची.

"दिसला का? ताजा हाय बग."

"अगं, नुसता डोळाच दिसतोय मला!"

"मंग डोलाच बगायचा असतो ना आये!"

दोघी हसायच्या, एक दाराच्या अलीकडे, एक पलीकडे. हसून झालं की मावशी विचारायची, "पोरानी कोंडलाय का गो तुला?" त्यावर काकू आतून म्हणायच्या, "मासे समोरच्या घरी दे गं." मासे माझ्या फ्रिजमध्ये राहायचे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, पण मी ठेवून घ्यायचे. आमचे हे नाक मुरडायचे. मुरडा म्हटलं.

शेवटी मीच वाशीला जाऊन त्या माणसाकडून तिसरा रिमोट आणला. त्यानं सांगितलं, सोपं आहे. पेटीचं झाकण काढा, आतलं काळं बटण दाबा, लाल दिवा लागला की सोडा, मग नव्या रिमोटचं बटण दाबा. पेटी त्याला ओळखायला लागते.

रविवारी दुपारी मुलगा आणि सून जेवून आतल्या खोलीत झोपले होते. ते घरात असले की पेटी बंद असायची. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. स्टुलावर मी, खाली काकू.

"काकू, वर या आणि हे दाबा. तुमचा रिमोट, तुमच्या हातानं होऊ दे."

झाकण काढून मी उतरले, काकू चढल्या, काळं बटण दाबलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. "अगं थांब! नवी वस्तू घरात आलीय. हळदकुंकू नको लावायला?"

"आत्ता?"

"मग कधी? जा, देवापुढचा करंडा आण."

मी गेले, करंडा आणला, रिमोटला हळद लावली, कुंकू लावलं, काकूंनी सांगितलं म्हणून अक्षताही टाकल्या. तोवर काकूंचं बोट काळ्या बटणावर तसंच. सोडलं तर बिघडेल म्हणून त्यांनी सोडलंच नव्हतं. लाल दिवा लागून, वेड्यासारखा लुकलुकून, विझून पुन्हा लागला होता. मग काकूंनी ते सोडलं आणि रिमोट दाबला. टिक! काकूंनी तो कमरेला खोचला आणि मला सबंध लाडू खायला लावला.

संध्याकाळी दोघं बाजारात निघाले. मुलानं बटण दाबलं, काही नाही. सुनेनं दाबलं, काही नाही. काळं बटण फार वेळ धरलं की पेटी आधीचे सगळे रिमोट विसरते, हे त्या वाशीच्या शहाण्यानं मला कुठं सांगितलं होतं! दोघं बॅटऱ्या चोळत बसले. काकूंनी कमरेचा रिमोट काढला, त्यावर अजून कुंकू होतं, आणि एकदाच दाबला. टिक.

"आई, हे कुठून आणलंस? आणि आम्ही परत कसं यायचं?"

"बेल वाजवा," काकू म्हणाल्या. "मी आहे घरात."

माझ्या दारात उभी राहून मी हे ऐकलं. आजही आठवलं की बरं वाटतं.

पण ते सुख दोन दिवसही टिकलं नाही. मंगळवारी मुलानं माणूस बोलावला, आपले दोन रिमोट पुन्हा ओळखीचे करून घेतले, काकूंचा पेटीतून पुसून टाकला आणि पेटीला छोटं कुलूप लावून घेतलं. मी बोलायला गेले तर मला म्हणाला, "ताई, तिच्याच भल्यासाठी आहे. या वयात नाही जमत हो माणसांना." ज्या बाईनं त्याला चालायला शिकवलं, तिला एक बटण जमत नाही! त्या दिवशी मी तोंड आवरलं नाही. "तुम्हाला चोराची भीती नाही," म्हटलं, "तुम्हाला आईनं दार उघडलेलं नको आहे." तो माझ्याशी बोलेनासा झाला. नाही बोलला तर नाही.

काकूंनी आपला रिमोट तेवढा धुऊन पुसून देवघरात ठेवला.

पुढे ती मंडळी खारघरला मोठ्या जागेत गेली आणि तिथं काकू फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्या त्या दिवशी त्यांना शेवटचं बघायला गेले होते मी. लोक भरभरून सांगत होते, किती शांत, किती सोशिक. मला संताप आला. सोशिक म्हणे! यांनी तो बुधवार बघितला नव्हता. मी बघितला.

मुलानं काकूंचा रिमोट पेटीतून पुसला त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. भर दुपार. मी शाळेतून येऊन कुलपाला किल्ली लावतेय तोच मावशी जिना चढून आली, पाटी सावरत. तिनं हाक मारली, "आये!" आणि सवयीनं भिंगासमोर धरायला एक पापलेट उचललं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, काकू, नको! तोवर दार सताड उघडलं होतं.

भोंगा सुटला. मावशीनं पापलेट टाकून कान झाकले. खालून माणसं धावत आली, सेक्रेटरी काठी घेऊन सगळ्यात पुढे.

"चोर? कुठंय चोर?"

"चोर नाही हो!" काकू भोंग्याच्या वर आवाज काढून ओरडल्या. हात कानांवर नव्हते, कमरेवर होते. "मी आहे. माझ्या घराचं दार उघडलंय मी."

"अहो, मग बंद करा ना ते!"

"मला कुठं येतं बंद करायला? ज्यांना येतं ते ऑफिसात आहेत. त्यांना करा फोन."

मग त्यांनी पडलेलं पापलेट उचलून पाटीत ठेवलं आणि मावशीचा दंड धरून तिला उंबऱ्यात खाली बसवलं.

"वाजू दे गं," त्या म्हणाल्या. "बस तू. पाणी आणते."