मुंगळ्यांचा कौल

माझ्या बायकोनं कुठल्या कामाची नर्स व्हायचं, हे मुंगळ्यांनी ठरवलं. मेट्रनबाईंनी नाही, तिनं नाही, आणि मी तर नाहीच नाही.

सन तीसनंतरची गोष्ट. नाशकाला लागून मखमलाबादेत आमचा फुलांचा मळा. मी दुसरीतून पळालेला, झेंडू-शेवंती लावणारा माणूस. बायको यमुना मात्र मास्तरांची लेक, सातवी पास. विषमज्वर झाला म्हणून तिला मिशनच्या दवाखान्यात ठेवली, तर बरी झाल्यावर बाई तिथून हलेना! म्हणाली, "मला हेच शिकायचंय." गाव म्हणालं, बाटणार. आई म्हणाली, "बाटू दे, पण भाकऱ्या कोण थापणार?" (मी थापल्या. कुत्र्यानं एक हुंगली आणि ते शेजारी राहायला गेलं.)

आठवडाभर ती तिकडंच राहायची, रविवारी घरी यायची. शिकणं संपत आलं तेव्हा एका रविवारी ती आली तीच पदर खोचून.

"मेट्रनबाईंनी विचारलंय, पुढं कुठलं काम घेणार? बाळंतपणाचं का ऑपरेशनचं? उद्या सांगायचंय. एकदा सांगितलं की बदलता येत नाही."

"त्यात इचारायचं काय?" आई म्हणाली. "बाळंतपणाचं! बारशाला मान, ओटीत नारळ, वर खण!"

"मला ऑपरेशनचं घ्यायचंय, आत्याबाई."

"म्हंजी माणसं फाडायची?"

"फाडतात डॉक्टर. मी हत्यारं देणार, टाके घालणार."

"गोधडीला घाल की टाके! चार पडल्यात फाटून."

माझा हिशेब निराळा होता. बाळंतपणं गावोगावी होतात, म्हणजे बाई घरात राहील. ऑपरेशनची खोली काही डोक्यावर घेऊन मखमलाबादेत येणार नाही, म्हणजे ती कायमची तिकडं. मला ती घरी पाहिजे होती. पण असं बायकोला तोंडावर सांगायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी भलतंच बोललो.

"बाईमाणसाला रगत बघवत नाय. पुरुषाचं काम हाय ते!"

"तुम्हाला बघवतं?" यमुनेनं विचारलं.

"मला? बोकड कापताना मान कोण धरतं?"

(मीच धरतो. डोळे मिटून. तेवढं सांगायचं राहिलं.)

भांडण चुलीपर्यंत गेलं तेव्हा आईनं निकाल दिला. "म्हसोबाला कौल लावू."

बांधावर शेंदूर फासलेला दगड, तो आमचा म्हसोबा. बैल घ्यायचा, सोयरीक करायची, विहिरीची जागा बघायची, काही अडलं की त्याच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं एकेक कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. उजवी म्हणजे बाळंतपण, डावी म्हणजे ऑपरेशन, असं ठरलं.

"लावा कौल," यमुना म्हणाली. "पण देव सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं."

"आईच्यान् ऐकू!" मी म्हटलं.

आता कळ्या आणणार कोण? फुलमाळी. म्हणजे मी! माझा देवावर विश्वास होता, पण सगळं काम एकट्या देवावर टाकणं बरं नव्हे. डाव्या कळीच्या बुडाला मी चांगला चिकट गूळ लावला. उजवीला नुसतं पाणी. बोटं धोतराला पुसली आणि भक्तासारखा हात जोडून उभा राहिलो.

उजवी कळी पडेना! माझ्या आईनं भक्तीच्या भरात देवाला तेल-शेंदराचा ताजा जाड लेप दिला होता. त्यात उजवी रुतली, गुळात डावी रुतली. आम्ही बघतोय, देव बघतोय. शेजारचे तुकानाना आले, आणखी चार बायका आल्या.

तेवढ्यात डाव्या खांद्यावर एक मुंगळा चढला. मग त्याचा भाऊ. मग सगळी भावकी! मी मनात म्हटलं, खा बाबांनो, पण कळी पाडू नका. आणि मांडीला असा कडकडून चावा बसला की मी जागच्या जागी उडालो. बोटं पुसलेलं धोतर मी पार विसरलो होतो, मुंगळे विसरले नव्हते!

"आई गं! मेलो! सोडा!" मी नाचायला लागलो.

"आलं! अंगात आलं!" तुकानाना ओरडले. "म्हसोबा आला! ऊद आणा!"

उदाचा धूर नाकातोंडात गेला. बायका पाया पडायला लागल्या, तेही नेमक्या ज्या पायावर मी नाचत होतो त्याच्या!

"देवा, बोल," आईनं पदर पसरला. "माझ्या सुनंनं काय करावं?"

"झटका! आधी झटका!" मी बोंबललो.

"देवा, माझी म्हैस कुठं गेली?" तुकानाना.

"खड्ड्यात गेली तुझी म्हैस!"

(खरंच सापडली नंतर, ओढ्याकाठच्या खड्ड्यात. नाना मरेपर्यंत मला नमस्कार करायचे.)

नाचता नाचता माझा पाय गवतातल्या खुरप्यावर पडला. तळवा फाटला. खाली बघितलं तर लालभडक धार. पुरुषाचं काम सगळं समोर वाहत होतं. मी म्हटलं, "हे कुणाचं?" आणि आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा ओसरीवर होतो. तुकानाना छातीवर बसलेले, चुलीवर पाणी उकळत होतं. यमुना हात धूत होती.

"अगं, हाराच्या सुईनं नको!" मी रडकुंडीला आलो.

"शिवणाची घेतलीय. उकळूनही झाली. हलू नका."

तिनं टाके घातले. मी मळ्यातली पाखरं उडतील असा ओरडत होतो. तिचा हात मात्र देवाच्या समईसारखा स्थिर. आई आधी दाराआड होती, मग उंबऱ्यात आली, मग कंदील धरून शेजारीच बसली.

"पोरीचा हात जरा हलला नाय गं," आई हळूच म्हणाली. मग मला म्हणाली, "तू गप बस. बाळंतीणसुदिक एवढी वरडत नाय!"

तेवढ्यात बांधावरून एक बाई धावत आली. "डावी पडली! मुंगळ्यांनी पाडली!"

आईनं कंदील खाली ठेवून हात जोडले. यमुनेनं गाठ मारली, दोरा तोडला, माझ्या धोतरावरचा एक मुंगळा चिमटीत धरला आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "म्हसोबाला गूळ कधीपासून लागतो हो?"

दुसऱ्या दिवशी तिनं मेट्रनबाईंना ऑपरेशन सांगितलं. जन्मभर तेच केलं. ती तिकडं राहिली म्हणून मग मीच रोज फुलांची पाटी घेऊन नाशकात जायला लागलो, आणि पाटी रिकामी झाली की दवाखान्याच्या फाटकाशी. तिथं मला कुणी नावानं ओळखत नसे. म्हणायचे, "बाई, तुमचा पहिला पेशंट आलाय."

यंदा संक्रांतीच्या आधी ती गेली. घर खायला उठतं. परवा राहवलं नाही, म्हसोबाला कौल लावला. तिकडं ती माझी वाट बघत असेल तर उजवी पाड, नसेल तर डावी. गूळ नाही, शेंदूर नाही, नुसतं पाणी. ऊन उतरेपर्यंत बसलो. एकही कळी पडली नाही. उठलो, तर त्याच जुन्या टाक्यांवर मुंगळा कडकडून डसला.

निरोप कळला. "अजून अक्कल आलेली नाही, इतक्यात येऊ नका!"