एकटीचं केळवण

मुलीनं टांझानियाचा मुलगा पसंत केला, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. मी बौद्ध घरातली, नवरा चिखलीच्या मराठा घरातला. आमचं लग्न मित्रांच्या साक्षीनं रजिस्टर झालं आणि सासूबाई कितीतरी वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. तेव्हा मी फार तिखट होते. सांगवीच्या बसमध्ये एका आफ्रिकन विद्यार्थ्याशेजारून एक बाई नाक मुरडून उठली, तर मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

आता तसाच मुलगा माझ्या दारात आला. शिकायला इकडे आलेला, चाकणला मुलीच्याच कंपनीत इंजिनियर. वागायला सालस, माझ्या हातची भाकरी मागून खाणारा. मला तो आवडतो, खरंच. पण आमच्या संत तुकाराम नगरात त्याच्याबरोबर चालताना माझे पाय आपोआप मागे रेंगाळतात, आणि ओळखीचं कोणी भेटलं की मी ‘मुलीच्या ऑफिसातला आहे’ म्हणून मोकळी होते. वय वाढेल तसं मन मोठं होईल असं वाटलं होतं. मी नुसती भित्री झाले.

मग सासूबाईंचा निरोप आला, केळवणाला दोघांना घेऊन ये. त्या चिखलीला दिराकडे राहतात, आजूबाजूला सगळी भावकी. सगळे गॅलरीतून वाकून बघणार, एवढंच माझ्या डोळ्यासमोर आलं. मुलीला म्हणाले, आजी जुन्या वळणाची, तिला हे झेपायचं नाही, तू एकटीच चल. तिनं विश्वास ठेवला. आजीला दुखवायला नको, असं तिनंच त्याला फोनवर समजावलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची आज लाज वाटते.

चिखलीला गेलो तर दोन पाट मांडलेले, दोन्हींभोवती रांगोळी, घरभर पुरणाचा वास. सासूबाईंनी आमच्या पाठीमागं बघत विचारलं, "जावई कुठं हाय?"

मी शिफ्टबिफ्ट काहीतरी पुटपुटले. मुलगी सरळ म्हणाली, "आजी, तुला चालणार नाही म्हणून नाही आला."

सासूबाईंनी जावयासाठी आणलेली टॉवेल-टोपी तिच्या हातात दिली. डोक्याचं माप ठाऊक नव्हतं म्हणून मोठीच घेतली, एवढंच म्हणाल्या. मला मात्र आतल्या खोलीत बोलावून घेतलं.

"तुझ्या येळंला मी न्हाई म्हनले, पर तुझ्या तोंडावर म्हनले. तुझं न्हाई तू माझ्या नावावर कशापायी खपवलंस?"

सासूबाईंच्या जुन्या हट्टाआड मी माझी भीती लपवली होती, आणि तो हट्ट त्यांनी केव्हाच टाकून दिला होता. मला ते कळलंही नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मुलगी रिकाम्या पाटाशेजारी बसून जेवली. परतताना रिक्षात टोपी मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, "आई, लग्नाला तरी त्याला बोलवायचं ना?"