यादीतलं तिसरं पुस्तक

पिरंगुटच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला वाचणारा माणूस समजतात. मी उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि रविवारी उपासनेनंतर दृढीकरणाच्या वर्गाला, म्हणजे मंडळीत रीतसर सामील होणाऱ्या मुलांना, शिकवतो, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे असून देव एकच, हे मी बेलाचं पान दाखवून शिकवायचो. दळं तीन, देठ एक. पान आणायचो शंकराच्या देवळामागच्या झाडाचं. कशाला हवं, हे तिथल्या पुजाऱ्याला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी पाळकांनी या त्रैक्यावर वाचायच्या पुस्तकांची यादी करायला सांगितली. मी सहा नावं लिहिली. त्यांतली दोन वाचलेली होती. एकाची प्रस्तावना चाळली होती. बाकी तीन पुस्तकांपैकी यादीत तिसऱ्या क्रमांकाचं माझ्याकडे होतं, पुण्यात रद्दीवाल्याकडून घेतलेलं, पण मुखपृष्ठापलीकडे मी गेलो नव्हतो. उरलेल्या दोन्हींची फक्त नावं ठाऊक होती. तरी प्रत्येकापुढे एकेक ओळ लिहिली. तिसऱ्यापुढे लिहिलं, ‘दुःखात असलेल्यांनी जरूर वाचावं.’ नावात पुत्राचं मरण आणि पित्याचं प्रेम असे शब्द होते, त्यावरून. यादी चर्चच्या फळ्यावर लागली आणि पाळकांनी माझी पाठ थोपटली.

आमच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणारी मावशी आमच्याच मंडळीतली. त्याच वर्षी तिचा एकुलता एक मुलगा ताम्हिणीच्या घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला. काका, म्हणजे तिचे यजमान, महिनाभर उपासनेला आले, पण प्रभूच्या प्रार्थनेत ‘पित्या’ या शब्दाशी अडायचे. मग यायचेच थांबले.

एक दिवस ताट वाढताना मावशी हळूच म्हणाली, “ते इचारत्यात, पोरगं क्रुसावर टांगलं व्हतं तवा बाप काय करत व्हता? तुमच्या यादीत कुटल्या पुस्तकात हाय ते?”

मी क्षणभरही न थांबता म्हणालो, “तिसऱ्या.” आणि दुसऱ्या दिवशी माझी प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

त्यानंतरचे तीन आठवडे माझं कशात लक्ष लागेना. कॅन्टीनमध्ये मी मावशीकडे पाठ करून बसू लागलो. ती जवळ येऊन सांगायची, रोज एखादं पान वाचतात, चष्मा पुसून वाचतात, लई दिवसांनी हातात काहीतरी धरलंय. मला बरं वाटायचं आणि मी ताट अर्धवट टाकून उठायचो. घरी जाऊन मी इंटरनेटवर त्या पुस्तकाविषयी शोधलं. काही सापडलं नाही. ते परत मागून आणावं, असंही मनात आलं. काय सांगून मागणार?

मग एका रविवारी दुपारी काकांचा निरोप आला. ते निवृत्त फिटर. मी गेलो तेव्हा खाटेवर पुस्तक उघडं ठेवून बसले होते.

“मास्तर, सोळाव्या पानाच्या पुढं पानं जोडलेली हायेत.”

पूर्वी पुस्तकं अशीच छापायचे, कडा वाचणाऱ्यानं कापायच्या असतात, आधीच्या मालकानं सोळाच कापली असतील, मी सांगितलं.

“ते कळलं मला. तुमी पुढं कसं गेलात?”

दुसऱ्या कुणाच्या प्रतीत वाचलं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. अशी वाक्यं माझ्याकडे नेहमी तयार असतात. मावशी चहा घेऊन आली होती आणि कप न ठेवता उभी होती.

“मी वाचलेलं नाही, काका,” मी म्हणालो. “नाव बघून लिहिलं.”

“मग त्यांना का वाचाया लावलं?” मावशीनं विचारलं. कॅन्टीनमध्ये तिनं विचारलं तेव्हा मी हुशार दिसलो होतो, एवढंच खरं आहे.

काका रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “बेलाचं पान आणलं असतंत तर बरं व्हतं. ते निदान तुमी हातात तरी घेतलेलं असतंय.”

मग त्यांनी खणातून पोलादी पट्टी काढली, घडीत सरकवली आणि एकेक पान सरळ रेषेत कापलं. चार पानं मोकळी झाल्यावर पुस्तक माझ्यापुढे केलं. “वाचा. मोठ्यानं.”

वाक्यं लांबलचक होती. मध्येच माझा श्वास संपायचा. एका जागी काकांनी हात वर केला. “म्हंजे काय?”

“मला नाही कळलं.”

“मग परत वाचा.”

पाळकांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी फळ्यावरची यादी काढली नाही. न वाचलेल्या पुस्तकांपुढच्या ओळी मी स्वतः खोडाव्यात, असं म्हणाले. सगळ्यांसमोर खुर्चीवर उभं राहून खोडल्या. आता रविवारी दुपारी मी काकांकडे जातो. त्या दिवशी वाचायची तेवढीच पानं ते कापतात. गेल्या वेळी बावन्नाव्या पानावर पोहोचलो. उपासनेला ते अजून येत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी बापाविषयी काय लिहिलंय, हे मावशी मला विचारत नाही. मलाही ते माहीत नाही, हे आता तिला माहीत आहे.