कढईतली खरवड

बढती घेऊन नागपूरला एकट्यानं जावं, की आहे त्या पगारात घरच्यांसोबत सुखानं राहावं, हे घरात विचारायला मी परवा ऑफिसातून भर दुपारीच परतलो. माझा कौल सुखाकडेच होता.

स्वयंपाकघराच्या दारात थबकलो. बायको आणि मुलगी ओट्याशी उभ्या राहून एकाच कढईतून फोडणीचा भात खात होत्या. तळची खरवड कोण पळवतं, यावरून भांडत होत्या, खिदळत होत्या. इतकी हसरी माणसं आपल्या घरात राहतात, हे मला ठाऊकच नव्हतं!

मला पाहताच हसू थांबलं.

"अगंबाई, तुम्ही? बसा, ताट वाढते."

लगोलग टेबलावर ताट आलं. लोणचं, पापड, डाव्या हाताला मीठसुद्धा. मिळवत्या माणसाचा मान आपल्याकडे असा रीतसर राखतात. पाहुण्याचाही असाच राखतात. त्याला कढईत हात घालू देत नाहीत.

मी निमूट जेवलो आणि म्हटलं, "नागपूर घेतोय. दर शनिवारी येत जाईन."

"दगदग कशाला करतोस, बाबा?" मुलगी अगदी मायेनं म्हणाली. "महिन्यातून एकदा आलास तरी चालेल."