भिंतींचं पांघरूण

मामा कुठंही शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. मग मान तिरकी करून आवाज परत येतोय का ते ऐकायचे. देवळात, दवाखान्यात, कुणाच्या नव्या घरात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वाजवली, तर बँडवाले सुरूच झाले. भटजी अजून दुसऱ्या कडव्यावर होते.

आमच्या गावच्या हॉलचे ते राखणदार. हॉल म्हणजे कापसाच्या जिनिंगचं जुनं शेड. जिनिंग बंद पडलं, कुणीतरी एका टोकाला स्टेज बांधलं, दारावर पाटी लावली आणि थेट बोरीपासून माणसं नाटकाला यायला लागली. वर पत्रा, बाजूला दगडी भिंती. एक शब्द बोललात की तीन ऐकू यायचे. मामा म्हणायचे, "भिंती उघड्या हायत. पांघरूण लागतंय."

म्हणून कार्यक्रमाच्या सकाळी ते हातगाडी घेऊन घरोघर वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, मागत आणि दोन्ही भिंतींना टांगत. आवाज मग शहाण्यासारखा वागे. थंडीत मात्र तिसऱ्या अंकाला प्रेक्षक आपापली वाकळ उतरवून पांघरून बसत, आणि नायिकेला दोन-दोनदा मरावं लागे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. परभणीला दोन वर्षं गाणं शिकून आलेली, त्यामुळं "चहा घ्या"सुद्धा आलापात म्हणायची. हॉलमध्ये माझं पहिलं गाणं ठरलं, आणि त्याच कार्यक्रमाला मला बघायला पालमचे पाहुणे येणार होते. मुलगा डॉक्टर. मी मनानं तिथं नांदायलाही लागले होते.

दुपारी जाऊन बघते तर स्टेजला लागून आमचीच वाकळ. वडिलांची धोतरं, माझे परकर, सगळं खानदान भिंतीवर.

"मामा, काढा हे सगळं. पाहुणे काय म्हणतील?"

"अक्का, आवाज फुटंल."

"माझा आवाज फुटत नसतो."

"बरं. तुमी म्हणता तर." त्यांनी एकेक वाकळ घडी घालून ठेवली.

संध्याकाळी मी पहिली तान घेतली. ती पत्र्याला लागून परत आली, तोवर मी दुसरी सोडलेली. कुणाला साथ करावी, तबलजीला कळेना. मी आणखी जोर लावला. अक्कल तेवढीच होती.

मग मामा उठले. आमची वाकळ उलगडली आणि हात वर ताणून, ती पुढं धरून भिंतीशी उभे राहिले. खाली फक्त त्यांचे दोन पाय दिसत होते. लोक हसले. मी डोळे वटारले, पण ते त्यांना काय दिसणार? शेवटच्या ओळीपर्यंत हात खाली आले नाहीत.

मुलाच्या आईनं जाताना विचारलं, "पोरगी चांगली हाय. पण संगं दुसरी कोण गायली?"

स्थळ गेलं. "तुमी मधे उभारलात म्हणून," मी मामांना सुनावलं.

"व्हय अक्का. एका वाकळीत भागत न्हाई."

पुढं ज्यांच्याशी लग्न झालं, ते त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते, हीच माझी पुण्याई. माफी मागायची राहिली. आधी मामा गेले, मग हॉल पाडला.

परवा त्याच जागी नवं नाट्यगृह उघडलं. स्मरणिकेत हॉलचा इतिहास छापलाय: कोनशिला कुणी बसवली, फीत कुणी कापली, हार कुणाला. वाकळांचा शब्द नाही. भिंतींना मात्र वरपासून खालपर्यंत जाड, मऊ कापड ठोकलंय.

बसायच्या आधी काठी काखेत धरून मी एक टाळी वाजवली.

"आजी, अजून सुरू न्हाई झालं," शेजारची बाई म्हणाली.

मी मान तिरकी करून ऐकत राहिले. टाळी परत आली नाही.